खाच आणि वहिवाट

खेळाविषयी लिहिताना आपले लक्ष खेळाडूकडे जाते. फार तर खेळण्याकडे. खेळ ज्या जागेवर चालतो ती जागा कोणी बांधली, तिची देखभाल कोण करतो, याची चौकशी सहसा होत नाही. योहान हाउझिंगाने १९३८ च्या 'होमो लुडेन्स'मध्ये खेळाची जागा ही रोजच्या जगापासून आखून वेगळी काढलेली जागा असते, हे आग्रहाने मांडले. पण ती आखणारा हात त्याच्याही विवेचनात फारसा दिसत नाही. प्रस्तुत लेख त्या हाताविषयी आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण साहित्याच्या अभ्यासकांना कदाचित क्षुल्लक वाटेल: स्लॉट कारच्या शर्यतींचे मार्ग, त्यांची बांधणी आणि त्यांची निगा.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन आवश्यक आहे. टेबलावर एक वळणावळणांचा मार्ग असतो. त्यावर प्रत्येक गाडीसाठी एक अरुंद खाच असते आणि खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या असतात. या पट्ट्यांतून साधारण १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह वाहतो. गाडीच्या नाकाखाली एक लहानसे पाते असते, ते खाचेत उतरते. त्याला 'गाइड' म्हणतात. (परीक्षेच्या गाइडांशी त्याचा संबंध नाही, मात्र तेही खाचेबाहेर जाऊ देत नाही, हे साम्य मान्य करावे लागेल.) पात्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या बारीक तारांच्या विणलेल्या वेण्या असतात. त्या पट्ट्यांवर घासत जातात आणि वीज मोटरपर्यंत पोचवतात. खेळणाऱ्याच्या हातात कंट्रोलर असतो. त्याचा खटका जितका दाबावा तितका वेग. वळणावर वेग अधिक झाला की गाडी खाच सोडून बाहेर फेकली जाते. क्लबांमध्ये अशा जागी मार्शल उभे असतात. ते गाडी उचलून पुन्हा खाचेत ठेवतात. त्या फेरीत ज्यांची शर्यत नसते, ते स्पर्धकच बहुधा हे काम करतात.

गाडीला स्टिअरिंग नाही. आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही, ती अशी की गाडीला स्वतःचा ब्रेकही नाही. खटका पूर्ण सोडला की कंट्रोलर मोटरची दोन टोके एकमेकांना जोडतो. फिरती मोटर त्या क्षणी जनित्र होते आणि स्वतःच निर्माण केलेल्या प्रवाहाने स्वतःला रोखते. त्यासाठी मार्गाच्या तारजोडणीत तिसरी तार मुद्दाम द्यावी लागते. म्हणजे वळणे मार्गाची आणि थांबणेही मार्गाच्या जोडणीवर अवलंबून. चालकाकडे उरतो तो फक्त काळ : केव्हा दाबायचे, केव्हा सोडायचे, किती.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, दिशा आधीच ठरलेली असेल तर कर्तृत्व ते काय? साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी हा आक्षेप घेऊ नये. अक्षरगणवृत्तात लघुगुरूंचा क्रम आधीच ठरलेला असतो आणि तरीही एकाच वृत्तातल्या दोन कवींचे आवाज आपण ओळखतो. पण वृत्ताशी केलेली ही तुलना फार ताणू नये, कारण तिच्यात एक मोठी उणीव आहे. वृत्त झिजत नाही. वृत्तावर धूळ बसत नाही. खाचेवर बसते, आणि या लेखात मला जे म्हणायचे आहे ते तिथून सुरू होते.

स्लॉट कारचा लौकिक इतिहास इंग्लंडमधल्या एका खेळण्यापासून सांगण्याची प्रथा आहे. हॅव्हंट येथील मिनिमॉडेल्स या कंपनीचा फ्रेड फ्रान्सिस हा १९५२ पासून 'स्केलेक्स' नावाच्या चावीच्या पत्र्याच्या गाड्या विकत असे. त्यांना विजेची मोटर बसवून आणि खाचेचा रबरी मार्ग जोडून त्याने जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात 'स्केलेक्स्ट्रिक' मांडले. पुढच्याच वर्षी ही कंपनी लाइन्स ब्रदर्स या मोठ्या उद्योगाने घेतली. लवकरच पत्र्याची जागा प्लॅस्टिकने घेतली. मात्र हे खेळणे दुकानात येण्यापूर्वीही ब्रिटनमधल्या मॉडेल-इंजिनिअरिंग क्लबांत हौशी लोक स्वतःच्या हाताने विजेच्या शर्यतींचे मार्ग बांधत होते. तेव्हा मार्गावर उंच बसवलेली पट्टी असे आणि गाडी ती धरून धावे. खाच नंतरची. इतिहास लिहिताना ब्रँडचे नाव आधी आणि क्लबातल्या सुताराचे नंतर येते, किंवा येतच नाही.

१९५७ हेच वर्ष दुसऱ्या एका कारणासाठी आपल्या परिचयाचे आहे. त्या वर्षी पॅरिसमध्ये रोलाँ बार्थचे 'मिथॉलॉजीज' पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. आपल्याकडे बार्थ म्हणजे 'लेखकाचा मृत्यू' (१९६७) असे समीकरण झाले आहे; त्यामुळे या पुस्तकातला खेळण्यांवरचा छोटा निबंध वर्गांत क्वचितच वाचला जातो. त्यातले म्हणणे थोडक्यात असे : फ्रेंच खेळणी ही मोठ्यांच्या जगाची लहान केलेली प्रतिकृती असतात, ती मुलाला जग निर्माण करायला शिकवत नाहीत, ते फक्त वापरायला शिकवतात, मूल मालक होते, निर्माता होत नाही. त्याच ओघात तो प्लॅस्टिकच्या थंडपणाविषयी आणि लाकडाच्या गुणांविषयी लिहितो. लाकूड तुटत नाही, झिजते, मुलाबरोबर जगते, हाताशी त्याचे नाते हळूहळू बदलत जाते.

बार्थने स्केलेक्स्ट्रिकविषयी लिहिलेले नाही. पण हा निबंध त्याला लावून पाहिला तर पहिला निकाल त्याच्या बाजूनेच लागतो. डब्यातून येणाऱ्या मार्गाचे तुकडे ठरावीक त्रिज्यांचे असतात. वळणे कारखान्याने आधीच ठरवलेली. त्यांची मांडणी बदलता येते, आणि हे स्वातंत्र्य लहान नाही. पावसाळ्याच्या सुटीत एखाद्या मुलाने त्याच तीस तुकड्यांतून दहा वेगळे मार्ग काढले, तर त्याला केवळ मालक म्हणणे हा अन्याय होईल. तिथे बार्थ घाई करतो, असे माझे मत आहे. तरीही शब्दसंग्रह कारखान्याचाच राहतो. कारखान्याने व्याकरण बदलले की जुने शब्द निरुपयोगी होतात. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत याच कंपनीने 'स्पोर्ट' नावाची नवी प्रणाली आणली, तेव्हा तिला जुने तुकडे जोडण्यासाठी मुद्दाम वेगळे अडॅप्टर तुकडे घ्यावे लागले.

बार्थला ठाऊक नसलेली गोष्ट पुढे घडली. प्लॅस्टिकचा डबा हातात पडलेल्या लोकांपैकी काहीजण लाकडाकडे वळले. बाजाराने दिलेले खेळणे त्यांनी अर्धेच स्वीकारले : गाडी घेतली, रस्ता नाकारला. हा नकार कसा अमलात येतो हे तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण 'निर्माता' हा शब्द आपण समीक्षेत फार स्वस्तात वापरतो.

हौशी मार्ग बहुधा एमडीएफच्या किंवा प्लायवूडच्या जाड फळ्यांवर कोरला जातो. फळी भक्कम चौकटीवर बसवतात. त्यावर पेन्सिलीने वळणे आखतात आणि आखलेल्या रेषेच्या कडेने एक लवचीक पट्टी स्क्रूंनी घट्ट बसवतात. राउटर नावाचे कोरण्याचे यंत्र त्या पट्टीला टेकवून एकाच ओघात चालवायचे असते. खाचेची रुंदी सुमारे ३ मिलिमीटर, खोली गाइड तळाला टेकणार नाही इतकी. यंत्र मध्येच थांबले तर तिथे कड जळते किंवा खाच रुंदावते, आणि ती जागा पुढे वर्षानुवर्षे प्रत्येक गाडीला जाणवते. पहिली खाच झाली की दुसरी तिच्यावरून घेतात : यंत्राच्या तळाला अंतर राखणारी खुंटी लावायची, खुंटी पहिल्या खाचेत फिरवायची, आणि दुसरी खाच आपोआप समांतर कोरली जाते. साहजिकच पहिल्या खाचेतला दोष दुसरीत उतरतो, दुसरीतला तिसरीत. हस्तलिखितांची वंशावळ लावणाऱ्या पाठचिकित्सकांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

यानंतर रंग. तो गुळगुळीत आणि चकचकीत असून चालत नाही. रोलरने पातळ थर देत हलका खरखरीतपणा राखावा लागतो, कारण टायरची पकड त्यावरच ठरते. मग खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याची चिकट पट्टी चिकटवतात किंवा उथळ चर खोदून त्यात विणलेली वेणी बसवतात. जिथे पट्टीचे दोन तुकडे भेटतात तिथे डाख द्यावा लागतो. चिकट थरातून वीज भरवशाने वाहत नाही. फळीखालून ठिकठिकाणी जाड तारांनी वीज पोचवावी लागते. तांब्याची पातळ पट्टी लांबवर गेली की दाब घसरतो आणि मार्गाच्या टोकाला गाडी मलूल होते.

मार्गाची आखणी हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. मर्ढेकरांनी लयीच्या विचारात संवाद, विरोध आणि समतोल अशी जी तत्त्वे सांगितली, ती कोणत्याही चांगल्या मार्गावर तपासून पाहावीत. लांब सरळ पट्ट्यानंतर येणारे आखूड वळण, लागोपाठच्या दोन सारख्या वळणांनंतर किंचित मोठ्या त्रिज्येचे तिसरे, हे सारे चालकाच्या बोटाला एक चाल शिकवते आणि मग मोडते. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो न्यायाचा प्रश्न. वळणात आतली खाच आखूड पडते, बाहेरची लांब. दोघांना सारखे अंतर द्यायचे तर मार्ग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा स्वतःवरून पुलाने ओलांडावा लागतो. मग एका अर्ध्यात आत असलेली खाच दुसऱ्या अर्ध्यात बाहेर येते. तरीही खाचा तंतोतंत सारख्या होत नाहीत. म्हणून शर्यतीत प्रत्येक स्पर्धक प्रत्येक खाचेवर आळीपाळीने धावतो आणि सगळ्या फेऱ्यांची बेरीज होते. अमेरिकेतल्या आठ खाचांच्या मार्गांवर लाल, पांढरा, हिरवा, नारिंगी, निळा, पिवळा, जांभळा, काळा असे रंग ठरलेले आहेत. स्पर्धक संध्याकाळभर एका रंगावरून दुसऱ्यावर सरकत जातो. जग विषम आहे हे मान्य करून त्या विषमतेची वाटणी करण्याची ही पद्धत मला अनेक गंभीर संस्थांच्या पद्धतीहून प्रामाणिक वाटते. असो.

इथवर निर्मिती झाली. सर्वसाधारण लेख इथे संपतो; आपली समीक्षाही बहुधा इथेच संपते. निर्मितिप्रक्रियेवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, आस्वादावर त्याहून अधिक. निर्मिती आणि आस्वाद यांच्यामध्ये जो प्रदीर्घ काळ असतो, त्यात कृती टिकवून धरण्याचे जे काम चालते, त्याला मात्र आपल्या परिभाषेत मान्यताप्राप्त शब्द नाही. 'निगा', 'डागडुजी' हे शब्द घरगुती ठरले आहेत. माझे म्हणणे असे की स्लॉट कारच्या मार्गात हेच काम निर्मितीच्या बरोबरीचे असते, काही बाबतींत तिच्याहून अवघड असते, आणि ते पाहिल्यावर साहित्याकडेही थोडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

या कामाचे स्वरूप असे. फळ्यांच्या सांध्यांवर हवेतल्या दमटपणाने लाकूड फुगते. नखाच्या जाडीइतका उंचसखलपणा आला तरी वेगातली गाडी तिथे उडते. तो सांधा पुटीने भरायचा, पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा रंगवायचा. आणि नव्या रंगाची पकड जुन्या रंगाशी जुळेपर्यंत वाट पाहायची. तांब्याची पट्टी एखाद्या कोपऱ्यात सुटून वर आली की गाडीची वेणी तिच्यात अडकते. वेणीतून सुटलेली केसासारखी तार दोन पट्ट्यांवर आडवी पडली की ती खाच बंद पडते. खाचेत धूळ, केस, टायरचे कण साठतात. ते व्हॅक्युमने आणि पातळ पट्टी फिरवून काढावे लागतात. धातूवर काळा थर चढतो. तो काढताना पोलादी तारांचा घासा वापरायचा नाही, हा या व्यवहारातला जुना नियम. कारण त्याचे लोखंडी कण मोटरच्या चुंबकांकडे खेचले जातात आणि मोटर आतून निकामी करतात. वीज कुठे कमी पडते हे मीटर सांगतोच, पण अनुभवी माणूस एक गाडी संथपणे सोडतो आणि ऐकतो. मोटरचा स्वर जिथे उतरतो, तिथे टेबलाखाली शिरायचे.

इथे एक विलक्षण गोष्ट समोर येते. मार्ग पूर्ण स्वच्छ करून चालत नाही. नव्याने रंगवलेला मार्ग निसरडा असतो. गाड्या धावतात, टायरांचे रबर सूक्ष्म थराने रंगावर बसते, आणि आठवड्यांनी पकड येते. ही पकड सर्वत्र सारखी नसते. जिथून चाके जातात तिथेच ती येते. अति उत्साहाने सगळा मार्ग द्रावकाने पुसणारा माणूस धुळीबरोबर हा थरही पुसून टाकतो. उलट, मार्ग न वापरता झाकून ठेवला तर तांबे काळवंडते आणि पकड जाते. वेण्या रोज घासत राहिल्या म्हणूनच पट्ट्या उजळ असतात. म्हणजे मार्ग वापराने झिजतो आणि वापरानेच टिकतो. मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे : वहिवाट. पायाखालून गेल्याने वाट होते आणि जात राहिल्याने तिच्यावर हक्कही होतो. कागदपत्रांच्या भाषेत हा शब्द आपण जमिनीसाठी राखून ठेवला आहे. तो साहित्यविचारात यायला हरकत नसावी.

आपल्या परंपरेत ग्रंथाची निगा राखल्याचे थोर उदाहरण एकनाथांचे आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे सन १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढच्यांनी तीत आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. या कामाचा उल्लेख सर्वत्र आदराने होतो. तरी भागवतकार आणि भारूडकार एकनाथांपुढे पाठ शुद्ध करणाऱ्या एकनाथांना वर्गात बहुधा दोनच वाक्ये मिळतात. त्यांची निगा मुळाकडे परत नेणारी होती. मार्गाची निगा तशी नसते. तिथे मूळ अवस्था, म्हणजे रंग वाळला तो दिवस, ही सर्वांत वाईट अवस्था असते. कोणत्या क्षणाकडे परतायचे हे ठरवता येत नाही. किती पुसायचे आणि किती राहू द्यायचे याचा निर्णय दर वेळी नव्याने घ्यावा लागतो. कीर्तनाची चाल, लावणीची अदा, पोवाड्याची फेक ही सारी याच प्रकारात मोडतात. छापील संहिता संपादकाच्या निगेवर जगते. ही परंपरा मात्र वहिवाटीवर जगते. दोन्ही प्रकारांना आपण 'जतन' हा एकच शब्द लावतो आणि मग रेकॉर्डिंग करून ठेवले म्हणजे चाल वाचली, असे समजतो.

दहा वर्षे चाललेल्या मार्गाचा कर्ता कोण, हा प्रश्न म्हणूनच पोकळ नाही. खाच एकाने कोरली. पकड शेकडो संध्याकाळींत धावलेल्या गाड्यांनी आणली. सांधे तिसऱ्याने भरले. लेखकाचा मृत्यू जाहीर करून बार्थने कृती वाचकाच्या हाती दिली; पण त्याचा तो वाचक अमूर्त आहे, त्याला हात नाहीत. फडके घेऊन टेबलाखाली शिरणारा माणूस त्या सिद्धांतात कुठेच बसत नाही.

आता चुंबकांविषयी, कारण या क्षेत्रातला खरा वाद तिथे आहे आणि त्यात मी तटस्थ नाही. कारखान्याच्या मार्गावरच्या पट्ट्या लोखंडाच्या जातीच्या, म्हणजे चुंबकाला ओढणाऱ्या असतात. १९७० च्या दशकात लहान आकाराच्या अमेरिकन गाड्यांत आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून स्केलेक्स्ट्रिकमध्ये या गुणाचा उपयोग होऊ लागला : गाडीच्या पोटाखाली चुंबक बसवायचे, म्हणजे गाडी मार्गाला चिकटून धावते. नवशिक्याला हे सोयीचे आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. आठ वर्षांच्या मुलाची गाडी दर वळणावर उडू लागली तर ते खेळ सोडून देईल. पण जोरदार चुंबकाची गाडी वळणात काहीच सांगत नाही. ती चिकटून असते, चिकटून असते, आणि एकाएकी पूर्ण सुटून टेबलाबाहेर जाते. बिनचुंबकाची गाडी आधी शेपूट बाहेर काढते. ती किती निसटते आहे हे डोळ्यांना दिसते, आणि खटका अर्धा सोडायला तेवढा वेळ मिळतो. चूक आणि तिचे फळ यांच्यामध्ये जी जागा असते, ती चुंबक पुसून टाकते.

आणखी एक परिणाम होतो. रंगाची पकड, टायरची स्थिती, सांध्याची समानता यांना चुंबकाच्या राज्यात फारसे महत्त्व उरत नाही. निगा अनावश्यक होते. 'देखभालीची गरज नाही' हे आजच्या प्रत्येक वस्तूचे आश्वासन आहे आणि ते ऐकायला सुखाचे वाटते. पण ज्या वस्तूला माझ्या निगेची गरज नाही, तिच्याशी माझे नाते खरेदीच्या दिवशीच पूर्ण झालेले असते. बार्थचा 'मालक' तो हाच. तांब्याच्या पट्टीचा लाकडी मार्ग चुंबकाला ओढत नाही. त्यामुळे तो बांधणाऱ्याने कळत-नकळत एक बाजू घेतलेली असते. २००४ मध्ये आलेल्या डिजिटल प्रणालीने एका खाचेवर अनेक गाड्या आणि चालत्या शर्यतीत खाच बदलण्याची सोय दिली. कल्पना म्हणून ती मला आवडते. खाचेचा एकांत तिने मोडला. मात्र बिघाड आता चिपमध्ये होतो, आणि त्याच्यापाशी कान नेऊन ऐकण्यासारखे काही नसते.

लाकडाच्या बाजूने बोलताना भाबडेपणा टाळला पाहिजे. बार्थला अभिप्रेत असलेले लाकूड झाडाची आठवण ठेवणारे आहे. एमडीएफ हे लाकडाच्या तंतूंचे रेझिनने बांधलेले मिश्रण आहे. ते राउटरखाली आले की जी बारीक भुकटी उडते ती फुप्फुसांना घातक असते, म्हणून मास्क आणि धूळ ओढणारे यंत्र अपरिहार्य ठरते. शिवाय खोलीभर पसरणारा मार्ग ही ज्याच्यापाशी मोकळी खोली आहे त्याची चैन आहे. मुंबईच्या दोन खोल्यांत डब्यातले प्लॅस्टिकच खाटेखाली मावेल. म्हणून लाकूड श्रेष्ठ आणि प्लॅस्टिक कनिष्ठ असे माझे म्हणणे नाही. प्लॅस्टिकच्या तुकड्यांचे सांधे चिमट्याने घट्ट करणारा, पट्ट्या पुसणारा, जुने तुकडे फेकून न देणारा माणूस माझ्या मते याच बाजूचा आहे.

या साऱ्यातले नुकसान कुठे होते, ते शेवटी पाहू. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या मध्यावर शहरोशहरी व्यावसायिक रेसवे निघाले. पैसे देऊन तासाच्या हिशेबाने मोठ्या मार्गांवर गाडी चालवता येई. त्यांतला आठ खाचांचा, १५५ फुटांचा 'किंग' मार्ग पुढे विक्रमांचे प्रमाण ठरला. आज त्यावर पंखांच्या हलक्या गाड्या दोन सेकंदांच्या आत फेरी पुरी करतात. दशक संपता संपता लाट ओसरली आणि बहुतेक रेसवे बंद पडले. गाड्या खिशात मावतात, म्हणून त्या उरल्या. न उघडलेल्या खोक्यातल्या जुन्या गाडीला संग्राहक चांगली किंमत देतात. मार्ग दारातून बाहेर निघत नाही. तो करवतीने कापावा लागतो, आणि कापल्यावर तो केवळ फळी असतो. पकड, सांधे, कुठल्या वळणावर कुठली खाच बरी, हे सगळे ज्ञान त्या दिवशी संपते.

१६ ऑगस्ट २००९ रोजी इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स येथे जेम्स मे याने शेकडो स्वयंसेवकांच्या मदतीने ४.७५ किलोमीटर लांबीचा स्केलेक्स्ट्रिकचा मार्ग मांडला. ब्रुकलँड्स हा १९०७ मध्ये उघडलेला, मोटारींच्या शर्यतींसाठी मुद्दाम बांधलेला मार्ग. १९३९ मध्ये तिथल्या शर्यती थांबल्या आणि नंतर त्याचे मोठे भाग नाहीसे झाले. त्या जागी आता रस्ते आहेत, इमारती आहेत. खेळण्याचा मार्ग शक्यतो जुन्याच मार्गावरून न्यायचा, असे ठरले होते. त्यामुळे प्लॅस्टिकचे तुकडे जोडणाऱ्या लोकांना पुसला गेलेला रस्ता पावलापावलाने शोधावा लागला, आणि मध्ये जे जे उभे राहिले होते त्यातून वाट काढावी लागली. ही टेलिव्हिजनसाठी केलेली करामत होती, विक्रमाच्या पुस्तकात तिची नोंद झाली, आणि मार्ग लगेच उचलला गेला. तरीही एका दिवसापुरती जुन्या मार्गावरची वहिवाट पुन्हा सुरू झाली होती.

करामतीपेक्षा साधे काम हवे आहे. ज्यांच्याकडे मार्ग आहेत त्यांनी त्यांची रोजनिशी ठेवावी : वळणांच्या त्रिज्या, खाचांमधले अंतर, कोणता रंग किती थरांनी दिला, कोणता सांधा कोणत्या महिन्यात फुगला, कोणी भरला. काही क्लब हे करतात. बहुतेक ठिकाणी ते एखाद-दुसऱ्या ज्येष्ठ सभासदाच्या डोक्यात असते. आणि साहित्याच्या विभागांत एखादा विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधत असेल, तर त्याने एखाद्या कीर्तनपरंपरेची, नाटकमंडळीची किंवा गावच्या ग्रंथालयाची याच प्रकारची रोजनिशी कुठे सापडते का पाहावे. कर्त्यांची नावे त्याला सहज मिळतील. फडके कोणाच्या हातात होते, ते त्याला विचारत फिरावे लागेल.